वादळात पत्रे उडाले, दुरुस्ती करू की सगळंच छप्पर बदलू?

पागोळी:
नमस्कार मंडळी. जरा घाईत लिहितेय, कुठे चुकलं तर समजून घ्या. मागच्या आठवड्यातल्या वादळात आमच्या घराचे पत्रे उडाले. घर दोन भागात आहे. पुढच्या हॉल आणि खोल्यांवर लोखंडी कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) आणि पाईप, त्यावर दोन्ही पाखी (छपराचे दोन उतार) मिळून २८ पत्रे. मागच्या दोन खोल्या जुन्या, तिथे लाकडी आढं (दोन उतार मिळतात तिथली वरची तुळई) आणि वासे, आधी कौलं होती ती काढून १२ पत्रे टाकलेले. सगळे पत्रे २२ वर्षांपूर्वी एकदमच घातलेत.

नुकसान म्हणाल तर पुढच्या भागाच्या उजव्या पाखीवरचे ७ पत्रे गेले, त्यातले काही आवारात सापडले, आणि फांदी पडून २ चेपले. डावी पाख वरून तरी ठीक दिसतेय. मागच्या खोल्यांवरचा एकही पत्रा हललेला नाही, फक्त कोपऱ्यात थोडी ओल आलीय.

आता घरात दोन तट पडलेत. बाबा म्हणतात ९ पत्रे नवे आणा आणि विषय संपवा, आख्खं छप्पर काढायची काय गरज. भाऊ म्हणतो ४० च्या ४० बदला, परत परत कोण करणार. दोन कारागीर बोलावले तर एक बाबांच्या बाजूने बोलला आणि दुसरा भावाच्या! दुसरा तर म्हणाला की तुकडे जोडून दिले तर पुढच्या वादळात माझी जबाबदारी नाही. मला झोप येत नाहीये, रात्री जरा वारा सुटला की आई उठून बसते. अजून महिनाभर पाऊस आहे, सध्या ताडपत्री टाकलीय. कोणी यातून गेलं असेल तर सांगा ना, हे ठरवायचं कशावरून? किती पत्रे गेले त्यावरून ठरवतात का?

लोखंडकाम:
ताई, मी गेली बरीच वर्षं छपराचीच कामं करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. किती पत्रे गेले हे मोजून ठरवू नका. लोक म्हणतात की पाव भागापेक्षा जास्त गेलं तर बदला, कमी असेल तर दुरुस्त करा, अंदाज म्हणून ठीक आहे पण त्याने फसायला होतं. पत्रा कसा गेला ते आधी बघा, त्यावर सगळं आहे.

शिडी लावून, पाऊस नसताना, सोबत माणूस घेऊन, जिथून पत्रे गेले तिथल्या पाईपावर नजर टाका. स्क्रू पाईपातच उभे आहेत आणि पत्रा तेवढा निघून गेलाय, असं असेल तर पत्रा स्क्रूच्या डोक्याभोवती फाटलाय. म्हणजे दोष पत्रा आणि वॉशरचा, खालचा सांगाडा बहुतेक शाबूत. स्क्रू पत्र्यासकट उपटून आले असतील आणि पाईपात नुसती भोकं उरली असतील, तर पाईप आतून गंजून पातळ झालाय, आटे धरायला मालच राहिला नाही, मग तिथे नवा पत्रा नवा स्क्रू मारून काही उपयोग नाही, पुढच्या वाऱ्यात परत तेच. आणि पत्र्याबरोबर पाईपच निघून आला असेल तर वेल्डिंग गेलंय, मग कैच्यांपासून तपासावं लागेल.

वाऱ्याचा जोर किती असतो ते लोकांच्या लक्षात येत नाही. ताशी १०० किमी वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ४७ किलो पडतो, वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. १२ फूट लांब साडेतीन फूट रुंद पत्रा म्हणजे जवळपास ४ चौरस मीटर, म्हणजे एकेका पत्र्याला पावणेदोनशे-एकशेनव्वद किलोची ओढ, आणि पत्र्याचं स्वतःचं वजन अठरा-वीस किलो. वजनाने छप्पर जागेवर राहत नाही, स्क्रूने राहतं. पाखीच्या कडेला, कोपऱ्यात आणि आढ्याशी ही ओढ मधल्या भागापेक्षा बरीच जास्त असते, म्हणून कडेचे पत्रे आधी जातात. तुमचे ७ कुठले गेले, कडेचे का? आणि त्या वेळी वाऱ्याच्या बाजूचं एखादं दार-खिडकी उघडली होती का? वारा आत शिरला की आतून वर ढकलतो आणि बाहेरून वरून खेचतो, दोन्ही एकदम.

अजून दोन गोष्टी करा. आवारात सापडलेला एक पत्रा उचलून उन्हाकडे धरा, सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतात का बघा. आणि छोटी हातोडी घेऊन पाईप खालून ठोकत जा, विशेषतः टोकांना. चांगला पाईप टण्ण वाजतो, आतून खाल्लेला बद्द वाजतो. पाईपांची टोकं उघडी ठेवलेली असतात, त्यातून पाणी आत जातं आणि गंज आतून सुरू होतो, बाहेरून रंग अगदी झकास दिसत असतो.

कागद_आधी:
बाकीचं तज्ज्ञ सांगतीलच, मी एकच सांगते. घराचा विमा असेल तर दुरुस्तीला हात लावायच्या आधी कंपनीला लगेच कळवा आणि फोटो काढा. लांबून आख्खी पाख, जवळून प्रत्येक फाटलेली जागा, घरातली ओल, भिजलेलं सामान, सगळं. फुटके पत्रे पाहणी होईपर्यंत भंगारात देऊ नका. ताडपत्री टाकली ते बरं केलंत, नुकसान वाढू नये म्हणून केलेल्या तात्पुरत्या कामाची बिलं जपून ठेवा. आमच्या वेळी आवरून स्वच्छ करायच्या नादात आम्ही सगळं फेकून दिलं आणि मग दाखवायला हातात काहीच नव्हतं, फार त्रास झाला. आणि कारागिराकडून अंदाजपत्रक लेखी घ्या, त्यात पत्र्याची जाडी, स्क्रूचा प्रकार, जुना माल कोण उचलणार, सगळं लिहून घ्या. नुसतं "छप्पर दुरुस्ती" असं एका ओळीत लिहिलेला कागद घेऊ नका.

उंबरा:
आम्ही दुरुस्ती केली होती आणि पस्तावलो, म्हणून लिहितोय. आमचे १० पत्रे गेले, दहा आणून लावले. पण जुन्या पत्र्याची लाट (पत्र्याचं नागमोडी वळण) आणि नव्याची लाट जुळेना. फरक बोटाच्या पेरापेक्षा कमी होता, कारागीर म्हणाला बसेल, त्याने दाबून बसवला आणि सांध्यात सिलिकॉन भरलं. पहिला पाऊस ठीक गेला. दुसऱ्या पावसाळ्यात नेमक्या त्या जोडावरून धार लागली, कारण ओव्हरलॅप नीट बसलेलाच नव्हता, मधे फट होती आणि सिलिकॉन उन्हाने सुटलं. पुढच्या वादळात नवे दहा जागेवर राहिले आणि त्यांच्या शेजारचे जुने सहा गेले! शेवटी सगळं काढलंच, खर्च दोनदा झाला. दुकानात जाताना जुन्या पत्र्याचा तुकडा कापून सोबत न्या आणि नव्यावर ठेवून बघा, तंतोतंत बसला तरच घ्या.

जुनं_घर:
उंबरा यांचा अनुभव खरा असेल पण सगळ्यांचंच असं होतं असं नाही. आम्ही ५ पत्रे बदलून दुरुस्तीच केली, ९ वर्षं झाली, त्यानंतर दोन मोठी वादळं येऊन गेली, थेंब नाही. पण आम्ही ५ पत्रे बदलताना राहिलेल्या सगळ्या पत्र्यांचे स्क्रू आणि वॉशर बदलले. रबर वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतात, मग पत्रा सैल होतो, वाऱ्यात फडफडतो आणि भोक मोठं होत जातं. काढलेले वॉशर मी हातात घेतले होते, बिस्किटासारखे चुरले. पत्रा चांगला होता, त्याला धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं एवढंच.

लोखंडकाम:
जुनं_घर यांनी अगदी मुद्द्याचं सांगितलं. ती फडफड हेच खरं दुखणं आहे. तार वाकवून वाकवून तुटते ना, तसंच स्क्रूभोवती होतं, प्रत्येक झोताबरोबर पत्रा थोडा उचलला जातो आणि बसतो, शेवटी भोकापासून बारीक चिरा निघतात. १९७४ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावर ट्रेसी चक्रीवादळ आलं, बहुतांश घरं उद्ध्वस्त झाली, तेव्हा तपासणीत हेच सापडलं होतं, पातळ पत्रे स्क्रूपाशी सततच्या हेलकाव्याने थकून फाटले होते. त्यानंतर तिथे पत्रे आणि स्क्रू तपासताना एकदाच जोर लावून बघण्याऐवजी हजारो वेळा वरखाली ओढून बघायला लागले.

म्हणून ताई, उडालेल्यांच्या शेजारच्या पत्र्यांचे दोन-चार स्क्रू काढून भोकाभोवती बघा. चांदणीसारख्या बारीक चिरा दिसल्या किंवा भोक लांबट झालं असेल तर तो पत्रा जागेवर असला तरी गेलेलाच समजा.

पागोळी:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज भाऊ आणि एक कारागीर वर चढले, मी खालून फोटो काढत होते, मग स्वतःही शिडीवरून बघितलं. जे दिसलं ते लिहिते.

स्क्रू पाईपातच उभे आहेत! जवळपास सगळे. काहींच्या डोक्याखाली पत्र्याची फाटकी चकती अडकलेली आहे, नखाएवढी. वॉशर जवळजवळ कुठेच नाहीत. उडालेले सातही कडेचेच आहेत, हो. आणि समोरचं दार त्या रात्री वाऱ्याने उघडलं होतं, बाबा ते लावायला धावले आणि तेवढ्यात वर आवाज झाला. हे मला आत्ता तुम्ही विचारल्यावर आठवलं.

उजव्या पाखीवर जे ५ उरलेत त्यातल्या दोघांच्या भोकांना तुम्ही म्हणालात तशा चिरा आहेत, तिघे चांगले वाटले. डाव्या पाखीवर सहा ठिकाणी स्क्रू काढून बघितले, भोकं गोल आहेत, पण वॉशर तडकलेले. उन्हाकडे धरल्यावर पत्र्यात ठिपके दिसले नाहीत. पाईप सगळे टण्ण वाजले, एक सोडून, शेवटचा, पन्हळीजवळचा.

मागच्या खोल्यांचं मात्र मला टेन्शन आलंय. तिथे ओल आली होती तो कोपरा मी पाऊस सुरू झाल्यापासून बघतेय. प्रत्येक पावसानंतर डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारते आणि बाजूला तारीख लिहिते. चार रेघा झाल्यात, पहिली ताटलीएवढी होती, चौथी परातीएवढी. पण पत्रा तर हललेला नाही, मग पाणी येतंय कुठून?

सुतारकाम:
पेन्सिलची रेघ ही फार चांगली सवय आहे, नाहीतर लोक "थोडी ओल आहे" म्हणून वर्षानुवर्षं काढतात. पाणी जिथे पडतं तिथूनच आत आलं असं नसतं, वाशावरून ओघळत दोन-तीन हात खाली येऊन मग टपकतं. तेव्हा डागाच्या वरच्या अंगाला शोधा, आढ्याच्या बाजूला.

आता वासे बघा. वाशाचं टोक जिथे भिंतीत जातं तिथे स्क्रूड्रायव्हर दाबा, नुसता हाताने, ठोकायचं नाही. चांगल्या लाकडात टोक जेमतेम रुततं. अर्धा इंच सहज आत गेलं तर ते टोक कुजलंय. मधे लाकूड कितीही ठणठणीत असो, टोक कुजलं की वासा भिंतीला धरून नाही. मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून वाशाकडे जाताना दिसल्या तर वाळवी आहे, आणि वाळवी वरचा पापुद्रा तसाच ठेवून आतून पोखरते. अजून एक, कौलांसाठी बसवलेल्या वाशांवर पत्रे टाकलेत ना, तेव्हा वासे भिंतीला पट्टीने किंवा बोल्टने बांधले होते का? कौलांचं वजन भरपूर असतं त्यामुळे जुनी छपरं नुसती भिंतीवर टेकवलेली चालून जायची. पत्रा हलका, तो बसवला की तेच छप्पर उचललं जाऊ शकतं, पत्रे वाशांना कितीही घट्ट असले तरी मग वाशांसकट जातात.

पागोळी:
सुतारकाम दादा, स्क्रूड्रायव्हर दाबला. ११ वाशांपैकी ५ ची टोकं मऊ लागली, एकात तर मूठ टेकेपर्यंत गेला. पट्टी किंवा बोल्ट काहीच नाही, भिंतीत नुसते खोचलेले आहेत. मी तिथून खाली उतरले तेव्हा हातपाय गार पडले होते. आई-बाबा त्याच खोलीत झोपतात. आजपासून त्यांना पुढे हलवलंय.

सुतारकाम:
ते फार बरं केलंत. खालून टेकू द्या तोपर्यंत, वाशांच्या खाली आडवी फळी आणि त्याला दोन खांब, ज्याला कळतं त्याच्याकडूनच करून घ्या.

लोखंडकाम:
हे वाचून मी माझं मत स्पष्ट सांगतो. तुमच्या घरात जिथे पत्रे उडाले तिथे दुरुस्ती पुरते, आणि जिथे एकही हलला नाही तिथलं छप्पर आख्खं बदलायला हवं. बाबा पुढच्या भागाबद्दल बरोबर आहेत, भाऊ मागच्या भागाबद्दल.

पुढे सांगाडा चांगला आहे, फक्त शेवटचा पाईप बदला आणि सगळ्या पाईपांची टोकं वेल्ड करून बंद करून घ्या. पण नऊ पत्रे इकडे तिकडे जोडू नका, उंबरांना जो त्रास झाला तो तुम्हाला होईल, २२ वर्षांपूर्वीची लाट आज मिळेलच असं नाही. उजवी पाख पूर्ण नवी करा, १४ च्या १४. म्हणजे नव्याला नवा जुळतो, जुन्या-नव्याचा सांधा फक्त आढ्यावर येतो आणि तो रिजखाली (आढ्यावरच्या टोपीच्या पत्र्याखाली) झाकला जातो. तिथून निघालेले ३ चांगले जुने पत्रे जपून ठेवा, डाव्या पाखीवर कधी एखादा खराब निघाला तर त्याच लाटेचा पत्रा घरात असेल. असे जुने राखून ठेवलेले पत्रे नंतर किती उपयोगी पडतात ते मी बघितलंय.

डाव्या पाखीचे स्क्रू सगळे नवे, जुन्यापेक्षा एक नंबर जाड आणि रुंद वॉशरचे, लाटेच्या माथ्यावर मारलेले, पाणी वाहतं त्या खोलगटात नाही. कडेला, आढ्याला आणि पन्हळीच्या बाजूला प्रत्येक लाटेवर स्क्रू, मधे एक सोडून एक चालेल. स्क्रू आवळताना रबर वॉशरच्या कडेतून किंचित डोकावलं की थांबायचं, जास्त आवळलं की ते फुगून फाटतं, आणि मशीनने घाई करणारी पोरं हमखास तेच करतात, तेव्हा समोर उभे राहून बघा. उतारावर वरचा पत्रा खालच्यावर चढतो तो ओव्हरलॅप ६ इंचांपेक्षा कमी नको, उताराला कमी ढाळ असेल तर वाढवा.

मागचे वासे काढून लोखंडी करा किंवा लाकडीच नवे करा, पण भिंतीत बोल्ट सोडून त्याला बांधा. पत्रा स्क्रूला, स्क्रू पाईपाला, पाईप कैचीला, कैची भिंतीला, यातली एक जरी कडी कच्ची असली तर बाकीच्या पक्क्या असून फायदा नाही.

मधली_वाट:
मधे घुसतेय, माफ करा. आमच्या पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे आहेत, वादळात दोन तडकले. तेही असंच भोकं बघून ठरवायचं का?

लोखंडकाम:
सिमेंटच्या पत्र्याला वेगळा हिशोब. जुन्या सिमेंट पत्र्यांत बऱ्याचदा अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याचे तंतू श्वासातून गेले तर कॅन्सर होऊ शकतो. अखंड पत्रा असला तर धोका कमी, पण फोडला, ग्राइंडरने कापला, ड्रिल मारलं की धूळ उडते. तेव्हा त्यावर ठिगळं लावत बसण्यापेक्षा पूर्ण काढलेलं बरं, ते सुद्धा हे काम माहीत असलेल्या माणसाकडून, पाण्याने भिजवून, न फोडता अखंड उतरवून आणि साध्या रुमालाऐवजी योग्य मास्क लावून. आणि कृपा करून त्यावर पाय देऊ नका, तो वरून मजबूत दिसतो आणि पायाखाली एकदम फुटतो. माझ्या डोळ्यासमोर माणूस असा खाली गेलाय. चढायचंच असेल तर फळी टाकून, खालच्या पाईपाच्या रेषेवरून.

मधली_वाट:
बापरे, आम्ही उद्याच कापून बसवणार होतो. थांबवते. आभार.

पागोळी:
रात्री जेवणानंतर मी सगळ्यांना हा धागा वाचून दाखवला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले मागचं छप्पर त्यांनी स्वतः उभं राहून करून घेतलं होतं, तेव्हा बोल्टचं कोणी सुचवलंच नाही. भाऊ लगेच म्हणाला आता सुचवलंय ना, करू. भांडण मिटलंय.

ठरलं ते असं. टेकू आज लागले. मागचं छप्पर पाऊस उघडला की पहिलं, पुढची उजवी पाख त्यानंतर, डाव्या पाखीचे स्क्रू त्याच वेळी. तोपर्यंत ताडपत्री. एक शेवटचं विचारते, ताडपत्री वाऱ्याने सारखी फुगते, त्यावर विटा ठेवल्यात, चालेल ना?

जुनं_घर:
विटा आधी काढा ताई! वाऱ्यात त्या खाली येतात, कुणाच्या डोक्यात बसेल. ताडपत्री आढ्यावरून पलीकडच्या पाखीवर दोन-तीन फूट न्या, म्हणजे वरच्या कडेतून पाणी शिरणार नाही. मग कड एका लाकडी पट्टीला दोन वेढे गुंडाळा आणि ती पट्टी पाईपाला दोरीने आवळून बांधा. नुसत्या ताडपत्रीच्या कडेच्या डोळ्यांतून (भोकांतून) दोरी ओवली तर डोळे फाटतात.

पागोळी:
काढल्या विटा. भाऊ पट्टी शोधतोय.